भागीबाईच्या माळावर तंबू

भागीबाईला संशय यायला कारण लागत नसे. दूध नासलं तर कुणाची नजर लागली, कोंबडी दिसेनाशी झाली तर कुणाच्या चुलीवर शिजतेय, आणि कुणी गोड बोललं तर हा मागायला काय आलाय, हे तिच्या मनात आपोआप उभं राही. वाडीतले लोक हसत. त्याचं तिला काही वाटत नसे. हसणाऱ्याच्या पोटातही काहीतरी असणारच.

वाडी इगतपुरीच्या पलीकडे, धरणाच्या फुगवट्याला लागून. भागीबाई लग्न होऊन आली तेव्हा वाडी खाली नदीकाठी होती. मग एका हिवाळ्यात नदीकाठी धरणाच्या साहेबांचे तंबू पडले. फार भली माणसं! पोरांना बिस्किटं वाटायची, म्हाताऱ्यांना तंबाखू द्यायची, ‘काय सुंदर जागा आहे तुमची’ म्हणायची. तंबूंमागून खुंट्या आल्या, खुंट्यांमागून पाणी आलं. भाताची खाचरं बुडाली, घर बुडालं, आणि सासरा पुंजाबाबा सगळं कुटुंब घेऊन टेकाडावर सरकला. उरला तो पाण्याच्या कडेचा माळ, नागली आणि वरई पिकण्यापुरता. नवरा गेल्यावर तो माळ तिनं एकटीनं राखला, तो एकाच आशेवर. मुलगा महेश कधीतरी सातपूरची कंपनी सोडून परत येईल, तेव्हा त्याला पाय टेकायला आपली जमीन हवी.

महेश सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. बायको उज्वला आणि लहानगी मुलगी यांच्यासह तिथंच भाड्याच्या खोलीत राही, सुट्टीला मोटरसायकलवरून येई. दिवाळीनंतर मात्र त्याच्या फेऱ्या वाढल्या, आणि आला की तो फोन घेऊन घरामागं जाऊ लागला. मुलगा भेटायला येतो याचा दुसऱ्या कुठल्याही आईला आनंद झाला असता. भागीबाई शेणी रचायच्या निमित्तानं घरामागं जाऊन कान देऊन उभी राहिली.

“आईला अजून काही बोललो नाही,” महेश कुणाला तरी सांगत होता. “ती मोडता घालेल. आधी एकदा नीट पार पडू दे.”

झालं. भागीबाईच्या मनानं घेतलं की पोरगा माळ विकतोय.

पुढच्या रविवारी गाडीतून ललित आणि मोहिनी हे जोडपं आलं. ललित महेशच्याच कारखान्यात ऑफिसात होता. कारखान्यातली काही कुटुंबं मिळून पाण्याकाठी तंबू ठोकून एक रात्र राहणार होती, आणि त्यासाठी हे दोघं जागा बघायला आले होते. गाडीतून उतरताच मोहिनीनं पाण्याकडे पाहिलं आणि हात जोडले. “मावशी, काय सुंदर जागा आहे हो तुमची!”

भागीबाईला धरणाचे साहेब आठवले. वाक्यसुद्धा तेच!

पाहुणे माळभर हिंडले. तंबूंची तोंडं पाण्याकडे नकोत, रात्री तिकडून गार वारा येतो, असं महेशनं सांगितलं. मोहिनीनं बायकांच्या आंघोळीचं आणि संडासचं विचारलं. शेकोटी वाळल्या गवतापासून लांब ठेवायची ठरली. जेवणाला नागलीची भाकरी आणि गावठी कोंबडीचा रस्सा. ललितनं पावलं टाकत जागा मोजली, कुठला तंबू कुठं ते ठरवलं, आणि तिथं खुंट्या ठोकून दोरी ताणली. ठोकणारा कोण? भागीबाईचा स्वतःचा मुलगा.

“खुंट्या कशापायी रं?” तिनं विचारलं.

“तंबूची जागा धरून ठेवली, आये. शनवारी लोक येतील, एक रात आन् जातील.”

“तवाबी असंच म्हनले व्हते.”

महेश हसला आणि पाहुण्यांसाठी चहा सांगायला गेला.

आठवडाभर भागीबाईला अन्न गोड लागेना. चांगली पक्की घरं असलेली माणसं पेट्रोल जाळून कापडाखाली झोपायला येतात, हे कुणाला पटेल? भागीबाईला तर मुळीच पटलं नाही. नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. महेशला सरळ विचारावं तर तो हसण्यावारी नेणार, आणि पोरानं खोटं सांगितलेलं ऐकायची तिची तयारी नव्हती.

मग तिला जुनं आठवलं. धरणाच्या वेळी साहेबांनी कुणाच्या चुलीचा विचार केला नाही, पण देवाच्या दगडाला ते वळसा घालून जात. शेवटी हलवला तोसुद्धा नारळ फोडून, वाजतगाजत. माणसं हलवताना कुणी पिपाणीसुद्धा वाजवली नव्हती. साहेब भितो तो एका देवाला, एवढं तिनं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

शुक्रवारी दिवस उगवताना तिनं ओढ्यातला एक बसका दगड उचलला, तेलात शेंदूर कालवून त्याला फासला आणि दोऱ्यांच्या बरोबर मधोमध नेऊन बसवला. वर झेंडूची दोन फुलं. खुंट्यांना तिनं हातही लावला नाही.

“अगं बया, ह्यो कवा आला?” सरपणाला निघालेल्या नवसाबाईनं विचारलं.

“सपनात आला व्हता,” भागीबाईनं ठोकून दिलं. “म्हनला, माझं ठान हितंच हाय.”

नवसाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुपारी बाया हळदकुंकू घेऊन आल्या. नवसाबाईची चुकलेली गाय त्याच संध्याकाळी घरी आली आणि देव जागृत ठरला.

शनिवारी गाड्या आल्या. मोहिनीनं दगड पाहिला आणि चपला काढल्या. “देवाच्या दारात कोंबडी खायची, गाणी लावायची? बरं नाही दिसत,” ती म्हणाली. ललितलाही ते पटलं. दोघं भक्तिभावानं पाया पडले आणि सगळी मंडळी ओढ्यापलीकडे वाडीतल्याच गोटीरामच्या माळावर गेली. तिथं तंबू पडले, शेकोटी पेटली, आणि सकाळी मंडळी फोटो काढून खुशीत निघून गेली. जाताना पुढच्या महिन्याचंही गोटीरामशीच ठरवून गेली. कुणी काही मोजलं नाही, कुणी काही विकलं नाही.

भागीबाईनं हे सगळं उंबऱ्यात बसून पाहिलं. आत जेवण रांधायला महेशबरोबर आलेली उज्वला न शिजलेलं सामान पिशवीत भरत होती. तिच्या डोळ्यांना पाणी होतं.

“काय झालं गं?” भागीबाईनं विचारलं.

“ही ट्रिप जमली असती ना आई, तर ते कंपनी सोडणार होते. हितंच तंबूचा धंदा टाकायचा, तुमच्यापाशी राहायचं. पोरीला इथल्या शाळेत घालायचं ठरवलं होतं आम्ही.”

भागीबाई उठली ती तडक माळावर गेली. दगड उचलायचा आणि पाण्यात भिरकावून द्यायचा. दगड तिनंच आणलेला, शेंदूर तिच्याच हातचा. पण वाकली आणि हात पुढं जाईना. खरंच तो इथला असला तर? बरं, उचलावा म्हटलं तरी नवसाबाई नारळ घेऊन समोर उभी, आणि मागं वाडीतले बाप्ये देवाला ओटा बांधायला माळाची केवढी जागा लागेल ते ठरवत होते. जागा कुणाची, हे भागीबाईला कुणी विचारलं नाही. देवाचीच होती ती आता.

ती परत आली तेव्हा महेश मोटरसायकलला पिशव्या बांधत होता.

“देव म्या बशिवला,” ती म्हणाली. “मला वाटलं, तू माळ इकतोय.”

महेशचे हात थांबले. तिला वाटलं, हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“तू मला आदी सांगायचं व्हतंस रं,” ती कळवळून म्हणाली.

“सांगितलं असतं तर माझ्यावर इस्वास ठेवला असता?”

भागीबाईनं हो म्हणायला तोंड उघडलं. पोटच्या पोराला तेवढं तरी द्यावं, असं तिच्या फार मनात आलं.

“नाय,” ती म्हणाली.

महेशनं मान हलवली. मुलीला पुढं टाकीवर बसवलं, उज्वला मागं बसली, आणि त्यानं किक मारली.