गटारीवरचा उतार

जळगावात आमच्याकडे नवी स्कूटर आली आणि ती अंगणात चढवायला पप्पांनी गटारीवर सिमेंटचा उतार करायला घेतला. तेवढ्यात रोज गटार साफ करणारी बाई आली आणि पदर खोचून, फावडं घेऊन सरळ गटारीतच उभी राहिली! मिस्त्री ओरडला, पण ती हलेचना.

"भाऊ, नगरपालिकाना नियम शे. गटार बुजाडानी नही."

पप्पा हसले, "अहो अक्का, नियम पाळतं कोण?"

"मी पाळस. सारा बठ्ठा गाळ मालेच काढना पडस."

दुपारपर्यंत ती तिथेच! शेवटी पप्पांनी उचलता येतील अशा फरश्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी तिने एकेक फरशी उचलून गाळ काढला, फरश्या परत बसवल्या आणि ट्रॅफिक पोलिसासारखा हात करून पप्पांची स्कूटर बाहेर सोडली.