व्यंकटरावांनी सिगारेट सोडली

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी आमच्या गारखेड्यातल्या कॉलनीत बायका पाणी भरायच्या आणि पुरुष देशाची चिंता करायचे. चिंतेची जागा ठरलेली होती, व्यंकटराव देऊळगावकरांचा ओटा. खिडकीत रेडिओ, खाली सतरंजी, आणि सतरंजीवर अर्थसंकल्प ऐकायला बसलेले कॉलनीतले झाडून सगळे सिगारेट ओढणारे. संरक्षणावर किती खर्च झाला, शेतीला काय मिळालं, हे ऐकताना मंडळी झुरके घेत माना डोलवायची. निवेदक सिगारेटवरच्या करावर आला की झुरके थांबायचे. देशावर खरं संकट आलं ते तेव्हाच कळायचं.

मग ज्याची त्याची तऱ्हा. रजिस्ट्रारच्या कचेरीतून निवृत्त झालेले नानासाहेब ब्लेडनं सिगारेटचे दोन तुकडे करायचे आणि सरकारला निम्मं उत्पन्न बुडवल्याच्या समाधानात दोन्ही तुकडे लागोपाठ ओढायचे. आमच्याकडचे, म्हणजे माझे यजमान, दहा दिवस आधीच कपाटात पाकिटं साठवायचे, आणि घरात एवढी आहेत म्हटल्यावर महिन्याची सिगारेट आठवड्यात संपवायचे. व्यंकटराव मात्र तत्त्वाचे. ते उठून उभे राहायचे, हातातली सिगारेट चपलेखाली चिरडायचे आणि जाहीर करायचे, "आजपासून बंद. आपल्या पैशावर दिल्लीची चैन नाही चालू द्यायची!"

हा निषेध साधारण गुढीपाडव्यापर्यंत टिकायचा. एके वर्षी होळीतच जळाला.

व्यंकटराव मूळचे अंबडकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी आणि लेखणी. वडील निजामाच्या अमलात तहसिलीत कारकून होते. उर्दूत अशी सुबक अक्षरं काढायचे म्हणे की तालुकेदारही थांबून बघायचा. चिकलठाण्याला कारखाने उभे राहू लागले तेव्हा पहिल्या लोंढ्यात व्यंकटराव शहरात आले, रंग बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून लागले आणि पुढे तिथेच स्टोअर्स ऑफिसर झाले. ऑफिसर झाले त्या दिवशी त्यांनी साधी सिगारेट टाकून फिल्टरची धरली. त्यांच्या पत्नी, आमच्या दमयंतीवहिनी, एवढंच म्हणाल्या, "पगार माणसाचा वाढला की धुराचा, तेच कळेना."

तसा माणूस वाईट नव्हता. कॉलनीत कोणाचा सिलिंडर संपला की स्वतः सायकलला बांधून आणायचे. फक्त आपण कोण आहोत हे लोकांना सारखं दिसत राहावं, अशी त्यांना काळजी असायची. सिगारेट बोटात धरायची त्यांची एक ढब होती. तिच्यात हुद्दा दिसायचा.

संध्याकाळी कंपनीची बस चौकात सोडायची. तिथे गफूरमियाँची पानटपरी. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. ठराव कागदावर आणि माणसं रस्त्यावर, असे ते दिवस. मराठवाड्यातल्या खेड्यांत घरं जळालेली सगळ्यांना ठाऊक होती. टपरीवर रोज वाद पेटायचा. व्यंकटरावांचं मत ठाम होतं, "नावात काय ठेवलंय? नाव बदलल्यानं कोणाचं पोट भरतं?" एकदा फिटर खात्यातला एक तरुण कामगार त्यांना शांतपणे म्हणाला, "साहेब, नावात काहीच नसेल तर मग तुम्ही एवढे का अडून बसलात?" व्यंकटरावांनी उत्तरादाखल धूर सोडला. बंदच्या दिवशी मात्र टपरीचं शटर अर्धंच उघडं असायचं, आणि त्याच्याखाली दोन्ही बाजूंची माणसं सारखीच वाकायची. जात, धर्म, पक्ष विसरून सगळा मराठवाडा एक झालेला मी पाहिला तो तिथेच.

तर त्या वर्षी सिगारेटवर कर असा काही वाढला की नानासाहेबांच्या हातून ब्लेडच पडलं. गफूरमियाँनी रात्रीतून भाव चढवले. कोणी बोललं की म्हणायचे, "मेरे कू काय कू डाटते साब? मैं थोडीच दिल्ली में बैठा हूँ!" बिडीला मात्र सरकारनं फारसा हात लावला नव्हता. गरिबांची वस्तू म्हणून.

व्यंकटराव उठले. सिगारेट चिरडली. निषेध जाहीर झाला.

आणि चमत्कार असा की गुढीपाडवा गेला, तरी निषेध टिकला. टपरीवर ते वेलदोडा मागू लागले. कॉलनीतल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायला सुरुवात केली, त्यामुळे पुरुषांत त्यांची लोकप्रियता झपाट्यानं घटली. रामनवमीच्या कार्यक्रमात मंडळानं शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. व्यंकटराव भाषणात म्हणाले, "इच्छाशक्ती असेल तर माणूस काहीही सोडू शकतो." दमयंतीवहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा जपून.

व्यंकटरावांनी सिगारेट सोडली होती, यात खोटं काही नव्हतं. ते बिडी ओढत होते.

स्टोअरच्या मागे पाण्याच्या टाकीआड त्यांची जागा होती. बिड्या चष्म्याच्या डबीत. आता स्टोअर्स ऑफिसरनं टपरीवर उभं राहून बिडीचा बंडल मागायचा म्हणजे शिवशिव! मग ती कामगिरी गेटवरच्या वॉचमनकडे, सोनाजीकडे होती. सोनाजी पाचोडकडचा, धनगराच्या घरातला. मेंढरं विकून बायकोला घेऊन शहरात आला होता. तो स्वतः तंबाखू मळून खायचा, पण विस्तवाच्या वाटेला जायचा नाही. रानात वणवा बघितलेला माणूस. रोज कामावर येताना गेटसमोरच्या टपरीवरून तो एक बंडल घ्यायचा आणि साहेबांच्या स्वाधीन करायचा. साहेबांनी बजावलं होतं, "सोनाजी, हे आपल्या दोघांत." सोनाजी म्हणाला होता, "व्हय साहेब." त्याच्या लेखी विषय संपला.

एका दुपारी स्टोअरमागे रंगाचे हात पुसायच्या चिंध्यांचा ढीग धुमसायला लागला. वेळीच पाणी पडलं म्हणून निभावलं. भिंतीपलीकडे झटकन पेट घेणाऱ्या थिनरची पिंपं होती. राखेत बिडीचं थोटूक सापडलं.

आता बघा कंपनीची अक्कल. सिगारेटचं थोटूक असतं तर दहा ऑफिसरांना विचारावं लागलं असतं. बिडी म्हटल्यावर विचारायचं काय? ऑफिसर बिडी ओढत नाहीत, हे मॅनेजरसाहेबांना माहीत, शिपायांना माहीत, खुद्द ऑफिसरांनाही माहीत. गेट सांभाळून स्टोअरच्या मागे फेरी मारायची ड्यूटी कोणाची? सोनाजीची. टपरीवाल्याला विचारलं, तर तो बिचारा प्रामाणिक, "रोज एक बंडल नेतो की." झालं! सोनाजीला निलंबित केलं आणि चौकशी नेमली. भिंतीवर मोठ्या अक्षरात सूचना होतीच, इथे धूम्रपान करणाऱ्यास कामावरून काढण्यात येईल. ती सूचना लिहवून घेतली होती व्यंकटरावांनी. चौकशीला माणसं तीन: मॅनेजरसाहेब, त्याच कंपनीत अकाउंट्सला असलेले आमच्याकडचे, आणि स्टोअर्सचे जबाबदार अधिकारी म्हणून पुन्हा व्यंकटरावच.

बंडल कोणासाठी घेत होता, हे सोनाजीनं सांगितलं नाही. "दोघांत" म्हणजे दोघांत.

त्याची बायको बानाबाई आमच्याकडे आणि दमयंतीवहिनींकडे भांडी घासायची. चौकशीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मागच्या अंगणात गहू निवडत होतो, आणि ती नळाखाली कढई घासत होती. घासत कसली, तिची सालं काढत होती.

"बाई, एक इचारू?"

"विचार की," दमयंतीवहिनी म्हणाल्या.

"तुमच्यात बिडी वढली तर वाळीत टाकत्यात का?"

"का गं?"

"नाय, आसंच." कढई खरवडली गेली. "आमच्या घरच्याला काढून टाकायलेत. बिडीपायी. अन्‌ त्यो तर बिडी वढत नाय. लगीन झाल्यापून कदी बघितली नाय म्या त्याच्या तोंडात. चूलबी मलाच पेटवाया लावतो, भेकड मेला."

"मग रोजचा बंडल कोणासाठी न्यायचा?" मी विचारलं.

बानाबाईनं हात थांबवला. दोरीवर व्यंकटरावांचा पांढरा सदरा वाळत होता, त्याच्याकडे तिनं एकदाच बघितलं.

"कापडं तुमीच धुता न्हवं, बाई?"

दमयंतीवहिनींनी गव्हातला खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "वास मला कधीचाच येतो गं. पण लोक एवढं कौतुक करायला लागले... मला वाटलं, असेल कंपनीतल्या कोणाचा तरी."

"हाय की," बानाबाई म्हणाली. "कंपनीतल्याचाच हाय."

आमच्या दोन्ही घरांत भिंत एकच, आणि तीही ठेकेदाराच्या इमानाएवढीच जाड. संध्याकाळचा चहा होताना पलीकडचं बोलणं ऐकू आलं. ऐकू आलं म्हणजे आम्ही आमचा रेडिओ बंद केला होता.

"उद्या चौकशीला तुम्ही कुठल्या बाजूनं बसणार?"

"कुठल्या म्हणजे? समितीच्या."

"विचारणारे तुम्ही, आणि उत्तर देणार सोनाजी. असंच ना?"

कपबशीचा आवाज. मग व्यंकटरावांचा, चौकशीआधीच दोषी ठरलेला. "मी सांभाळून घेणार आहे त्याला. काढू नका म्हणून शिफारस करतो. फक्त दंड करा म्हणतो."

"दंड कशाचा हो?"

कपबशी पुन्हा वाजली. आमच्याकडच्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. "तुम्हाला माहीत होतं?" मी हळूच विचारलं. ते म्हणाले, "सगळ्या ऑफिसरांना माहीत आहे. पण कोण बोलणार? आमच्या अकाउंट्समधलेही दोघं त्याच टाकीमागे जातात." करवाढीनं समाजवाद आणला होता, फक्त टाकीच्या आडोशाला.

चौकशीची हकिगत आमच्याकडच्यांनी दुसऱ्या दिवशी जशी सांगितली तशी लिहिते.

सोनाजी हात बांधून उभा. मॅनेजरसाहेबांसमोर टेबलावर पुरावा म्हणून बिडीचा बंडल आणि काड्यापेटी.

"बिडी तू ओढत नाहीस म्हणतोस?"

"नाय साहेब. म्या तंबाखू खातो."

"मग बंडल कोणासाठी न्यायचास?"

सोनाजीनं मान खाली घातली.

मॅनेजरसाहेब हसले. "ठीक आहे. घे एक. पेटवून दाखव. बघू या हात किती सराईत आहे."

सोनाजीनं भीत भीत बिडी उचलली. उदबत्ती पेटवावी तशी ती हातभर लांब धरली आणि दुसऱ्या हातानं तिच्या टोकाला काडी लावली. पान काळं पडलं, काडी संपली, बोट भाजलं. दुसरी काडी, तोच प्रकार. तिसऱ्या वेळी बिडी कशीबशी तोंडात धरली आणि काडीच विझली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "नाटक छान करतोस."

व्यंकटराव शेजारच्या खुर्चीत घामाघूम झाले होते. आग लागली त्या दिवसापासून भीतीनं त्यांनी एकही बिडी ओढलेली नव्हती. समोर बिडी, काडी, गंधकाचा वास, आणि तो अडाणी माणूस सगळ्याची माती करत होता. आमच्याकडचे सांगतात, व्यंकटरावांचे ओठ आपोआप चंबूसारखे झाले होते.

"अरे ओढ ना आत!" व्यंकटराव एकदम ओरडले. "ओढल्याशिवाय कुठं पेटते बिडी? आण इकडे!"

त्यांनी बिडी घेतली. टोक बोटांत फिरवून जरा मऊ केलं, काडी ओढली, दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत ज्योत धरली आणि गाल आत घेऊन एक दीर्घ झुरका मारला. धूर नाकावाटे निवांत बाहेर आला. त्यानंतर त्यांनी डोळे उघडले.

मग सवयीनं राख झटकली.

"बंडल माझा आहे," व्यंकटराव म्हणाले. "चिंध्यांत थोटूक मीच टाकलं. तो फक्त आणून द्यायचा."

मॅनेजरसाहेबांना पहिल्यांदा राग आला तो आगीचा नव्हेच. "मिस्टर देऊळगावकर, तुम्ही... बिडी?"

आता हे विवेकानं झालं की तलफेनं, यावर आमच्या कॉलनीत अजून दोन तट आहेत. व्यंकटराव विवेक म्हणतात. दमयंतीवहिनी म्हणतात, तलफ होती, पण झुरका सोडल्यावरचं बोलणं तरी त्यांचं स्वतःचं होतं, मला तेवढं पुरे. मला त्यांचं पटतं. धूर नाकातून गेल्यावरसुद्धा "सोनाजीला शिकवत होतो" म्हणून सुटता आलं असतं. ऑफिसरावर विश्वास ठेवायला सगळे तयारच बसले होते.

नोकरी गेली नाही. भिंतीवरची सूचना ऑफिसरांना लागू असल्याचं तिच्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. फक्त वार्षिक वाढ थांबली आणि स्टोअर काढून त्यांना डिस्पॅचला बसवलं. सोनाजी दुसऱ्या दिवशी गेटवर हजर झाला. व्यंकटराव बसमधून उतरले, त्याच्याजवळ जाऊन घुटमळले आणि म्हणाले, "सोनाजी, तुला फार त्रास झाला रे."

"झाला की," सोनाजी म्हणाला. "आमच्या घरचीनं दोन दिस भाकर दिली नाय. लई बोलली. साहेब, आता तुमचा बंडल तुमीच आणत जा. म्या नाय आणणार."

"नाही, नाही. बरोबर आहे तुझं."

जेवणाच्या सुट्टीत व्यंकटराव गेटबाहेरच्या टपरीवर गेले. कामगारांची गर्दी होती. साहेब आले म्हणून सगळे बाजूला झाले. टपरीवाल्यानं सवयीनं फिल्टरचं पाकीट पुढे केलं. व्यंकटराव म्हणाले, "ते नको, बिडी दे." आवाज इतका खाली होता की टपरीवाल्यानं कान पुढे केला. मग त्यांनी घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं. फिटर खात्यातला तो तरुण कामगार तिथेच उभा होता. त्यानं आपली काडी पेटवून पुढे धरली.