पियानोवरचे हात
काळ्या चहात लिंबू पिळलं की मला लंडनमधल्या हॅरोचा तो हॉल आठवतो. तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकाला पियानो वाजवायला आमच्या शेजारचे रशियन आजोबा आले होते. मॉस्कोत त्यांनी जन्मभर नाटकांना, सिनेमांना संगीत दिलं होतं. थर्मासमधला असलाच चहा पीत ते रिहर्सलला बसायचे. रडायच्या सीनला मागे करुण सूर हवेतच, हा आमच्या दिग्दर्शकाचा हट्ट. वडील गेल्याचा फोन घेणारी मुलगी मी करत होते. माझे बाबा त्याच वर्षी पुण्यात गेले होते. मला पोचता आलं नाही, आणि का कोण जाणे, रडूही आलं नाही. नाटकात मात्र मागे पियानो सुरू झाला की रडणं छान जमायचं. प्रयोगात मी फोन कानाला लावला आणि आजोबांनी हात उचलून मांडीवर ठेवले. त्या शांततेत मी पहिल्यांदा खरी रडले. नंतर विंगेत मी विचारलं, "तुम्ही वाजवलं का नाहीत?" माझ्या हातात चहा देत ते त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "रोज तू माझ्या सुरांमागे लपायचीस." आता ते नाहीत. पण समोर कुणी रडायला लागलं, की मी समजूत घालत नाही. चहा ठेवते आणि गप्प बसते.