पडद्याआडचे माप

देवाजी मास्टर पुरुषाचे माप चारचौघांत कधीच घेत नसत. अर्जुनी मोरगावला स्टेशनकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचे शिवणाचे छोटे दुकान होते. गिऱ्हाईक माप द्यायला उभे राहिले, की मास्टर बाकावरच्या मंडळींना म्हणत, "चाला, चहा पिऊन या जी जरा," आणि जुन्या चादरीचा पडदा ओढून घेत. साध्या शर्टाच्या मापालाही पडदा. लोकांना त्याची गंमत वाटे.

त्यांचा स्वतःचा उजवा पाय हत्तीपायाने गुडघ्याखाली खांबासारखा झाला होता. मशीन ते डाव्या पायाने चालवत. स्वतःच्या पँटची उजवी बाजू दुप्पट रुंद शिवत आणि तीच घालून लग्नकार्यात मिरवत. संध्याकाळी दुकानापुढे स्टुलावर बसून पाय साबणाने धूत, बोटांच्या फटी मऊ कापडाने टिपत. हे घरात करा ना, असे कुणी सुचवले की म्हणत, "माहा पाय हाये. चोरून आणला नाही."

आमचा भाग धानाचा आणि तलावांचा, म्हणून डासांचाही. हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आरोग्य विभागाची माणसे दर वर्षी दारी येतात; कितीतरी वर्षांपासून येतात. धडधाकट माणसानेही त्या त्यांच्यासमोरच गिळायच्या असतात. पण कुणाला चक्कर येते, कुणी म्हणतो मला रोगच नाही, आणि गोळ्या गुपचूप गोठ्यामागे पडतात. मास्टर गोळ्यावाल्या बाईंना दुकानात बसवून घेत आणि सगळ्यांच्या आधी स्वतः गिळत. एकदा माझ्या वडिलांनीच त्यांना विचारले, की इतकी वर्षे खाऊन पाय काही उतरला नाही, मग खाता कशाला?

"हा पाय नाही उतरत आता, मले मालूम हाये," मास्टर म्हणाले. "पण माह्या रक्तात किडा असन, तं मच्छर तो तुमच्या घरी नेन. म्हणून खातो."

वडील हसले आणि गोळ्या खिशात टाकून घरी आले. त्या वर्षी आमच्या घरात कुणीच खाल्ल्या नाहीत.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, तेव्हा लग्नाचा झाला होता. शेती चांगली, त्यामुळे तिरोड्या-गोरेगावकडची आमच्या पोवार समाजातली स्थळे चालून येत. दादा एकेक स्थळ मोडत गेला. तलावावर पोहायला जाणे त्याने सोडले, सायकल सोडली, धोतरासारखी लुंगी गुंडाळून एकटाच बांधावर बसे. आईला वाटे, कुठे तरी मन गुंतले आहे. मी गोंदियाला नोकरीवर होतो. मलाही तेच वाटे.

खरे काय ते मास्टरांना ठाऊक होते. दादा पँट सैल करून घ्यायला त्यांच्याकडे जात होता, एकदा, पुन्हा, आणि पुन्हा. दादाने हे मला पुष्कळ वर्षांनी सांगितले. तिसऱ्या खेपेला मास्टरांनी टेप गळ्यात टाकली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाबू, किती दिवस कापड वाढवून राहिला? हाही माह्या पायाच्याच रोगाचा फेर हाये. अंडात पाणी भरते."

दादा मान खाली घालून रडू लागला. मास्टरांनी त्याला रडू दिले.

"माहा पाय कोणताच डॉक्टर बरा नाही करत," मग ते म्हणाले. "तुहा तं ऑपरेशनने बरा होते. मंग कायले झाकून बसला?"

कुणाला कळले तर, एवढेच दादाने विचारले. मास्टरांनी चादरीकडे बोट केले. दुखणेकऱ्यांपुरताच पडदा लावला असता, तर पडद्याआड गेलेला प्रत्येक जण गावाला कळला असता. म्हणून तो सगळ्यांना होता.

दुसऱ्याच आठवड्यात मास्टर आमच्या घरी आले. गोंदियाहून कापडाचे गठ्ठे आणायचे आहेत, पायामुळे उचलवत नाहीत, पोराला सोबत द्या, असे त्यांनी आईला सांगितले. दोघे सकाळच्या गाडीने गेले. दादाचे ऑपरेशन झाले, तेव्हा मास्टर सुजलेला पाय बाकावर पसरून दवाखान्याच्या ओसरीत बसून होते. मी त्याच शहरात होतो आणि मला पत्ता नव्हता. परतल्यावर दादाने पडल्याचे सांगून काही दिवस अंथरूण धरले. पुढच्या उन्हाळ्यात त्याचे लग्न झाले. गोळ्यावाल्या बाई आल्या की आता तोच सगळ्यांना ओट्यावर बोलावतो. वडिलांना तर जेवू घालून, समोर उभे राहून गिळायला लावतो.

दोन वर्षांमागे, पावसाळ्यात, मास्टरांच्या पायाला जखम होऊन ताप चढला आणि तो उतरलाच नाही. घाटावर आम्ही गावची माणसे होतोच. पण देवरीकडून, साकोलीकडून अनोळखी पुरुषही आले होते. कुणी म्हातारे, कुणी पोरसवदा. ते एकमेकांशीही बोलत नव्हते. मास्टरांचा मुलगा उमेश एकेकाला विचारत होता, तुम्ही कोण जी? प्रत्येकाचे उत्तर एकच, की मास्टरांकडून कपडे शिवून घेत होतो.

उमेश गोंधळून आमच्याजवळ आला. "देवरीले का शिंपी नाहीत? कपड्यासाठी इतक्या दूर काऊन येत होते हे?"

मी दादाकडे पाहिले. दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"शिलाई चांगली होती ना बाबू, तुह्या बाबूजीची," तो म्हणाला, आणि लाकडे रचायला पुढे गेला.