झुलालची चौकशी

झुलाल पाटील आमच्या कारखान्यात पंपावर होता. कारखाना सरकारी, दारूगोळ्याचा, आणि पंपघर पार कुंपणाच्या टोकाला. दिवसभर तिथं हा एकटा. मी ऑफिसात कारकून, मूळचा पाचोऱ्याचा. कधी तिकडे फिरकलो की गडी मला सोडायचा नाही. घरी जाऊन तरी काय करणार? त्याचं लग्न राहून गेलेलं, खोलीवर चिटपाखरू नाही.

सत्त्याऐंशी साली आतल्या खात्यात, जिथं तोफगोळे भरतात, एक जागा निघाली. पगार थोडाच जास्त, पण तिथं वीस-पंचवीस माणसं एकत्र जेवायला बसत. झुलालला हवं होतं ते एवढंच.

आत जायचं तर आधी पोलीस चौकशी. त्यात परदेशात नातेवाईक असला, तर त्याच्याशी संबंध किती, हे फार बारकाईनं बघायचे. झुलालचा थोरला भाऊ अभिमन जर्मनीत होता. तिथलीच बायको केली, आई गेली तेव्हाही आला नाही, आणि मग पत्रंही थांबली. मी म्हटलं, "तुझा भाऊ असून नसल्यासारखा. कशाला घाबरतो?"

पण साध्या कपड्यांतला पोलीस धुळ्याकडे झुलालच्या गावी गेला आणि शेजारच्या भिकुबाईला विचारू लागला. माणूस कसा आहे, व्यसन काही, घरात कोण कोण? आपल्याकडे असलं कोण विचारतं? मुलीकडचा पाहुणा! चाळिशीला टेकलेल्या झुलालला एकदाची सोयरीक आली म्हणून म्हातारीचा जीव सुपाएवढा झाला. तिनं चहा ठेवला आणि तोंड सोडलं.

"जर्मनीमा भाऊ शे त्याना! दर महिनाले कागद येस. दोन्ही भाऊस्ना भलता जीव शे!"

ओट्यावरच्या बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सोयरिकीच्या चौकशीत खरं बोलणारा शेजारी खान्देशात अजून जन्मायचा आहे.

झुलालला साहेबांपुढे बोलावलं. मी टिपणं घ्यायला बसलो होतो. साहेब भला माणूस. त्यांनी भिकुबाईचं सगळं बोलणं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "परदेशात इतकं जवळचं नातं असेल तर आत घेता येत नाही. पण गावकरी वाढवून सांगतात, मला माहीत आहे. भावाशी संबंध उरला नसेल तर तसं सांगा. मी मान्य करीन."

मी झुलालला डोळ्यांनी खुणावलं. एका वाक्याचं काम होतं.

झुलाल खाली बघत म्हणाला, "खरं आहे साहेब. भाऊचा फार जीव आहे माझ्यावर."

जागा गेली. बाहेर आल्यावर मी त्याला वाट्टेल ते बोललो. गाढव म्हटलं, करंटा म्हटलं.

"चार लोकस्ना देखता कसं सांगू भो," तो म्हणाला, "सख्खा भाऊले मी नकोसा व्हई गऊ म्हनीसन?"

माझा राग तिथंच विरला. इतकं वाईट मला माझ्या स्वतःच्या दुःखानंही कधी वाटलं नव्हतं. पंपघरापर्यंत मी त्याच्याबरोबर चालत गेलो. त्यानं मोटर चालू केली, मला बसायला खोकं दिलं आणि जरा लाजत विचारलं, भिकुबाई काय काय म्हणाली ते परत एकदा सांगता का.

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. दोन-चार गोष्टी माझ्या पदरच्याही घातल्या.