चिपची खंडेनवमी

आमच्या कंपनीत नेमकं काय बनतं, हे शेजारच्या गाळ्यांतल्या लोकांना मला अजून पटवून देता आलेलं नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत ज्या गाळ्यातून वास येत नाही, धूर निघत नाही आणि टेम्पो भरून जात नाही, तो धंदा संशयास्पद समजला जातो. आमच्या एका बाजूला बाटल्यांची बुचं बनतात, दुसऱ्या बाजूला रंगाचे डबे. मधे आम्ही. आमच्याकडची पोरंपोरी दिवसभर पडद्याकडे बघत बसतात आणि संध्याकाळी घरी जातात.

"मॅडम, मशीन कुठाय तुमची?" बुचंवाल्या मालकांनी मला एकदा विचारलं.

"मशीन नाही. आम्ही चिप डिझाइन करतो. बनते तैवानला."

"मग तुम्ही इथं काय करता?"

"डिझाइन."

"म्हणजे नकाशा काढून देता," ते म्हणाले. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं आणि माझंही.

ही चिप टाकीवर, मीटरवर, गेटवर बसवायची असते. वायर नाही, ती हवेतूनच फोनशी बोलते. तिची खासियत अशी की ती जवळजवळ सगळा वेळ झोपलेली असते. मधूनच उठते, टाकी अर्धी झाली एवढं कळवते आणि पुन्हा झोपते. म्हणून बटणाएवढ्या सेलवर ती दहा वर्षं चालेल, असं आमचे सर सांगतात. झोपेचं इतकं कौतुक मी दुसऱ्या कुठल्या नोकरीत पाहिलेलं नाही.

मी तिथलं ऑफिस सांभाळते. पगार, चहा, कुरिअर, इंटरनेटवाल्याशी भांडण. राहते बदलापूरला. नवऱ्याचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, मुलगी नर्सिंगला आहे, घर माझ्या पगारावर चालतं. आणि गेल्या वर्षी हाच पगार अडचणीत आला. कंपनीत पैसे घातलेले लोक बंगळुरूचे. त्यांनी कळवलं की दिवाळीपर्यंत पहिली मोठी ऑर्डर मिळाली नाही तर अंबरनाथचं ऑफिस बंद करून सगळं बंगळुरूला हलवायचं. पोरापोरींना त्याचं काही नव्हतं, बॅगा भरून निघाली असती. पण चहा-कुरिअर बघायला बदलापूरची पन्नाशीची बाई बंगळुरूला कोण नेणार?

ऑर्डर देऊ शकेल असा माणूस एकच होता. उल्हासनगरचे शेठ. कॅम्प तीनमध्ये त्यांचं दुकान, मागच्या गल्लीत पाण्याच्या मोटरींचे स्टार्टर बनवायचा कारखाना. टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी, म्हणून त्यांना स्टार्टरबरोबर आमची चिप विकायची होती. दसऱ्यानंतर त्यांच्या गच्चीवर डेमो ठरला. त्यासाठी दोन डबे तयार झाले, प्रत्येकात एक हिरवा बोर्ड आणि बोर्डावर तिळाएवढी चिप.

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळी वसाहत यंत्रांची पूजा करते. आमचे सर अमेरिकेत बरीच वर्षं राहून आलेले, त्यामुळे पूजेच्या बाबतीत फार कडक. तोवर आम्ही कॉम्प्युटरची पूजा करत आलो होतो, एका वर्षी कॉफी मशीनचीही. त्या वर्षी पहिल्यांदाच स्वतःची चिप हातात होती. आमच्या घरी पूजा नसते. आम्ही बौद्ध, दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जातो. पण ऑफिसची पूजा हे माझ्या लेखी प्रिंटरच्या शाईसारखं काम आहे. मी झेंडू, नारळ, पेढे, हळद-कुंकू आणून ठेवलं आणि बाजूला उभी राहिले.

चिपचा अँटेना जिने केला ती उल्हासनगरची मुलगी म्हणाली, "सर, डब्यावर कुंकू लावू या."

"डब्यावर लावून काय उपयोग?" सर म्हणाले. "डबा प्लास्टिकचा, कल्याणहून आणलाय. यंत्र आत आहे."

"सर, बोर्ड उघडा पडेल."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

झाकणं उघडली. सरांनी ओलं हळद-कुंकू अनामिकेवर घेतलं आणि चिपला टिळा लावला. टिळा माणसाच्या कपाळाच्या मापाचा, चिप तिळाएवढी. अर्धा बोर्ड लाल झाला. वर अक्षता, वर झेंडू, वर नारळाच्या पाण्याचे थेंब. पूजेतलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही म्हणून डबे तसेच राहिले. सुट्टी संपल्यावर फुलं काढली. मुलगी फडकं घेऊन आली तर सरांनी तिला अडवलं, "लावलेलं कुंकू पुसायचं नसतं." म्हणून कुंकवासकट झाकणं बसवली, स्क्रू पिळले.

डेमोला मीही गेले, कारण कराराचे कागद माझ्याकडे होते. शेठच्या गच्चीवर टाकीला डबा लावला. खालून मोटर चालू केली. सर्वांनी सरांच्या फोनकडे बघितलं. फोनवर काहीही आलं नाही.

"साईं, ये तो सो गया," शेठ म्हणाले.

"झोपतेच ती. तेच तर तंत्रज्ञान आहे. आता उठेल."

"मेरा साला भी ऐसाच बोलता है. अभी उठता हूँ, अभी उठता हूँ."

टाकी भरून वाहायला लागली, पाणी गच्चीवरून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या जीन्सवर पडलं, तिथून शिव्या आल्या, तरी चिप उठली नाही. दुसरा डबा लावला, तोही तसाच. मुलीने डब्याच्या मागच्या खणातले सेल काढून तपासले. दोन्ही संपलेले.

"आप दस साल बोला था," शेठ शांतपणे म्हणाले. "मेरे यहाँ शादी की लाइटिंग इससे ज़्यादा चलती है."

परत आल्यावर ऑफिसात चर्चा सुरू झाली. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, सर्किटची चूक. सर्किटवाले म्हणाले, सॉफ्टवेअरची. मग दोघांचं एकमत झालं की तैवानची. तैवानला कडक मेल गेली, तिकडून फार सभ्य उत्तर आलं. फळा तीन रंगांनी भरला. डबा मात्र कोणी उघडला नाही. तो टेबलावर पडून होता आणि त्यावर पोरं चहाचे कप ठेवत होती. मी त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत बदलापूरच्या एका दवाखान्यात रिसेप्शनच्या जागेची चौकशी करून आले. पगार निम्मा होता.

शेवटी मुलीनेच वैतागून स्क्रू काढले. आत लाल-पिवळा चिखल वाळला होता, चिपच्या पायांमध्ये नीट भरून बसलेला.

"ताई, हे बघा," ती मला म्हणाली. सरांना हाक मारायचं धाडस तिला लगेच झालं नाही.

प्रकार सोपा होता. ओल्या कुंकवातून वीज झिरपत राहिली. चिप बिचारी झोपायला तयार होती, तिच्या कपाळावरच्या टिळ्याने सेल पिऊन टाकला.

सरांनी बोर्ड उजेडाकडे धरून बघितला. मग म्हणाले, "रिपोर्टमध्ये वातावरणातली आर्द्रता असं लिहा."

"सर, आर्द्रता लाल नसते," मुलगी म्हणाली.

मग मीटिंग झाली. कुंकू हा शब्द न वापरता कुंकू कसं लिहायचं, यावर शिकल्या-सवरल्या माणसांची सबंध दुपार गेली. तयार झालेला रिपोर्ट इंग्रजीत होता, त्यात ऑरगॅनिक रेसिड्यू होता, आलेख होता, सगळं होतं. तो शेठना गेला आणि थोड्याच वेळात माझा फोन वाजला.

"मॅडम, ये ऑरगॅनिक रेसिड्यू क्या होता है?"

"कुंकू," मी म्हटलं.

मला वाटलं, संपलं. पण लपवलं असतं आणि पुढे वर्षभरात कळलं असतं तर ऑर्डरबरोबर कंपनीही गेली असती, आणि मला लबाडी करून मिळालेली वर्षभराची नोकरी नको होती.

"किसने लगाया?"

"सरांनी. खंडेनवमीला."

"सच बोलती हो?"

"मैं क्यों झूठ बोलूँ, शेठ? मेरे घर में तो कुंकू है भी नहीं."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. "मॅडम, मेरा स्टार्टर जिधर लगता है, उधर पहले नारियल फूटता है. डब्बे पे स्वस्तिक निकलता है. फिर हर दसरे को हळद, कुंकू, तेल, सब. तो आपका माल हर दसरे को मरेगा?"

"अभी के हिसाब से, मरेगा."

"तो ऐसा बनाओ कि मरे नहीं. मैं खुद आके लगाऊँगा."

मी शेठना खरं सांगितलं म्हणून सर माझ्यावर चिडले. पण मुलगी कामाला लागली. बोर्डावर पारदर्शक लाखेचा थर दिला, झाकणाच्या कडेला रबर बसवलं. बाकीच्यांनी पुन्हा मीटिंग घेतली, कारण धूळ आणि पाण्यासाठी चाचणीचे नियम आहेत, कुंकवासाठी नाहीत. किती लावायचं, ओलं की कोरडं, यावर मतभेद झाले.

"चिमूटभर लिहू या," एकजण म्हणाला.

"कोणाची चिमूट?" दुसऱ्याने विचारलं. तो प्रश्न फळ्यावर राहिला.

शेठ आले ते घरून पिशवी भरून. त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं, तेलाचा हात फिरवला, दूध शिंपडलं, नारळ डब्याच्या डोक्यावरच फोडला आणि स्क्रूच्या भोकात उदबत्ती खोचली.

"शेठ, हे जरा जास्त होतंय," सर म्हणाले.

"साहेब, मेरे कस्टमर को देखा नहीं आपने."

डबा त्यांच्या गच्चीवर गेला आणि आम्ही वाट बघत बसलो. दर थोड्या वेळाने फोनवर टाकीचा निरोप येत होता. सेल जरासुद्धा उतरला नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शेठनी ऑर्डरवर सही केली आणि बजावलं की खोक्यावर पूजा-प्रूफ असं मोठ्या अक्षरांत छापायचं.

सरांनी सगळ्यांना जमवून भाषण केलं. म्हणाले, ही देवीची कृपा. आपण पूजा केली नसती तर ही चूक गिऱ्हाइकांच्या गच्च्यांवर सापडली असती. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "म्हणजे चूक सरांची नाही, नियोजन देवीचं." मी त्या युक्तिवादात खोट शोधून बघितली. सापडली नाही, आणि पेढे चांगले होते.

मग मी बाहेर जाऊन गाळ्याच्या मालकाला फोन लावला. करार वाढवायचा होता, आणि ऑर्डर मिळाल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचायच्या आत भाडं ठरवून घ्यायचं होतं.