पाहू, आज ओळखते का

गिरणीच्या गेटवर हजेरीच्या मशीनसमोर आले की भाऊ उजवा अंगठा पँटीवर घासायचे, त्यावर फुंकर मारायचे आणि मागे वळून आम्हाला सांगायचे, "पाहू, आज ओळखते का." हिरवा दिवा लागला की म्हणायचे, "ओळखलं लेकाचीनं!" आणि सगळी रांग हसायची.

खरं तर हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. वर्ध्याजवळची आमची सूतगिरणी मंदीत सापडली होती आणि माणसं कमी करणं चालू होतं. नोटीस नाही, बोलणं नाही. सकाळी अंगठा लावला की लाल दिवा लागायचा आणि वॉचमन खाली बघून म्हणायचा, "ऑफिसात जाऊन या." ऑफिसात गेलेला माणूस परत कामावर आलेला आम्ही पाहिला नाही. चार शब्द तोंडाने सांगायलाही साहेबांना जड जात होतं, म्हणून ते काम मशीनवर ढकललेलं.

भाऊ वयाने आमच्यात मोठे, म्हणून सगळ्यांचेच भाऊ. साच्यावर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, तुटलेला धागा जोडायचं त्यांचं काम. वर्षानुवर्षं सूत वळून त्यांचा अंगठा इतका गुळगुळीत झाला होता की मशीन पहिल्या खेपेला त्यांना घ्यायचीच नाही. आम्ही चिडवायचो, "भाऊ, चोरी केली तरी तुमचा ठसा सापडणार नाही." त्यावर ते म्हणायचे, "त्या धंद्यात तरी भरती चालू हाय का?"

एकदा आमच्याच खात्यातल्या एकाला लाल दिवा लागला. तो गेटवर साहेबांच्या गाडीला आडवा झाला, हात जोडून रडू लागला. साहेबांनी काच वर केली. भाऊंनी त्याला उठवलं, कपडे झटकले, टपरीवर चहा पाजला. त्यानंतर त्यांनी आम्हाला बजावलं, "मानसानं गेटवर रडू नाई. लाल लागला का मागं फिराचं. ऑफिसात जाऊन कायले कोनाचं तोंड पाहाचं?"

मग त्यांनी आपला कप, चपला, जुना स्वेटर असं एकेक करून घरी नेलं. "जायच्या दिवशी हात मोकळे पायजेत," म्हणाले. त्यांचं पाहून आम्हीही नेलं. भीतीवर त्यांनी काढलेला तो इलाज होता. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा धीराचा माणूस असेल. त्याच्या घरी एकदा विचारून बघा. पिपरी मेघेच्या बाजारात भाजी घेताना वहिनी मला म्हणाल्या, "झोपेत बी अंगठा घासत राह्यते जी हे."

माणसं गेली तसे उरलेल्यांच्या वाट्याचे साचे वाढले. भाऊंच्या अंगठ्याची सालं निघायला लागली. आणि एका सकाळी लाल दिवा लागला. त्यांनी अंगठा घासला, पुन्हा लावला. पुन्हा लाल. वॉचमन म्हणाला, "भाऊ, थांबा जी जरा. अंगठा झिजला असन. पुन्हा लावा."

"किती खेपा लावू? समजलं मले."

मी त्यांच्या मागेच उभा होतो. "येतो राजा," म्हणाले आणि डब्याची पिशवी खांद्याला लावून निघाले. ऑफिसकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्हाला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला.

तासाभराने सुपरवायझर ओरडत आला, "भाऊ कुठं हायत? त्यांचे साचे बंद पडले!" भाऊंना काढलेलंच नव्हतं.

पाळी सुटल्यावर मी भाऊंच्या घरी धावलो. दाराला कुलूप, फोन बंद. शेजाऱ्यांना तोंड दाखवायला नको म्हणून ते वहिनींना घेऊन बहिणीकडे रोहण्याला गेले होते. सुटीच्या दिवशी मी जाऊन त्यांना घेऊन आलो. तोवर ऑफिसचं काम फुकटात झालं होतं. साहेब म्हणाले, "आम्ही तुम्हाला काढलंच नाही. न सांगता तुम्हीच गेलात." म्हणजे काढलेल्यांना मिळाली तेवढी भरपाईसुद्धा नाही.

"साहेब, मशीननं ओळखलं नाई मले."

"मग आत येऊन सांगायचं ना, कोण आहात ते."

इतक्या वर्षांच्या माणसाला हे ऐकवताना साहेब हसत होते. ते हसू आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. बाहेर आल्यावर भाऊ गेटला धरून रडले. येणारे-जाणारे पाहत होते.

आता लग्नाच्या दिवसांत ते एका लॉनवर पाहुण्यांच्या गाड्या लावून देतात. बाकीचे दिवस घरीच. गिरणीच्या रस्त्याला ते पुन्हा आले नाहीत. परवा रेशनच्या दुकानात दिसले. तिथेही अंगठ्याचीच मशीन. सवयीने त्यांनी अंगठा पँटीवर घासला, फुंकर मारली, लावला. पहिल्याच खेपेला हिरवा.

ते अंगठ्याकडे पाहत राहिले. मग तो माझ्यापुढे धरला. "पाह्य राजा, रेघा आल्या वापस."

त्यांच्यामागे माझा नंबर होता. भाऊंच्या वाट्याचे साचे आता मी सांभाळतो. मी अंगठा लावला. लाल. पुन्हा लावला. लाल. मी पिशवी उचलली, तेवढ्यात खांद्यावर भाऊंचा हात पडला.

"थांबजो राजा. पुन्हा लाव. निघून जाजो नको."